पाणथरीची पुरचुंडी

खांदा दुखतोय म्हणून आणली होती तिला. डावा खांदा. नऊ वर्षांची मुलगी, मे महिन्याची सुट्टी, तासावर भाड्याने सायकल घेऊन चाळीमागच्या गल्लीत शिकत होती आणि वळताना पडली, हॅंडलचं टोक डाव्या बरगड्यांखाली बसलं, मुठीवरचं रबर कधीचं निघालेलं, नुसता लोखंडी पाइप. उठली, थोडी रडली, सायकल परत करून घरी गेली आणि घरी काही बोललीच नाही, कारण हॅंडल वाकलं होतं आणि त्याचे पैसे मागायला दुकानवाला घरी येईल ही भीती. संध्याकाळी आईला म्हणाली खांदा दुखतोय. आईने बाम चोळला, शेक दिला. आडवी झाली की जास्त दुखायचं म्हणून ती भिंतीला टेकून बसून राहिली आणि रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठली ती मोरीपाशी घेरी येऊन पडली.

हे १९९४ चं. मी तेव्हा मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात इमर्जन्सी ऑपरेशन थिएटरला, म्हणजे ओटीला, सिस्टर होते, नाइट ड्यूटी. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण ती रात्र मला अजून मिनिटामिनिटाने आठवते आणि ती लिहून ठेवायचं आता एक कारणही झालंय, ते पुढे सांगते.

कॅज्युअल्टीत आमचे लेक्चरर सर होते. त्यांनी खांदा नीट हलवून बघितला, सगळीकडे फिरतोय, कुठे सूज नाही, दाबलं तरी दुखत नाही. मग त्यांनी तिच्या पापणीच्या आत बघितलं आणि एकदम पोटाकडे वळले. खांद्याला काहीच झालेलं नसताना डावा खांदा दुखतो तेव्हा पाणथरी, म्हणजे प्लीहा, आठवायची, हे त्यांनी आम्हाला नंतर समजावलं. पोटात सांडलेलं रक्त वर श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या, खालच्या बाजूला साचतं, त्या पडद्याची नस आणि खांद्याच्या कातडीच्या नसा मानेतल्या एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. जर्मन सर्जन केर यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. बिचाऱ्या आईने ज्या जागी बाम चोळला ती जागा खरं तर पोटातल्या रक्ताचा निरोप देत होती.

पल्स १४०. पोटात सुई घालून बघितलं तर सिरिंजमध्ये रक्त आलं आणि ते गोठेना. रात्री सीटी मिळायचा नाही तेव्हा आमच्याकडे. दोन बाटल्या रक्त चढवलं तरी पल्स उतरेना, प्रेशर खाली, म्हणून सर म्हणाले घ्या टेबलवर.

पाणथरी म्हणजे नेमकं काय हे इथे थोडं सांगते, कारण बऱ्याच जणांना ती फक्त मलेरियात वाढते एवढंच माहीत असतं. डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या मागे बसलेला जांभळट अवयव, मोठ्या माणसात साधारण दीडशे ग्रॅम, मुठीएवढा. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण विसावा हिस्सा एकट्या पाणथरीतून जातो, म्हणूनच फाटली की पोट भरून वाहते. म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी ती गाळून काढते. आणि मुख्य म्हणजे काही जंतू असे असतात की त्यांच्या अंगावर गुळगुळीत कवच असतं, न्युमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलस, त्यांना पकडायचं काम शरीरात पाणथरीइतकं कुणालाच जमत नाही.

आता ओटीतलं. पोट उघडल्यावर आधी काही दिसतच नाही, नुसतं रक्त आणि गुठळ्या. सक्शन चालू, मी मॉपवर मॉप, म्हणजे रक्त टिपायची फडकी, देतेय आणि मोजतेय. सरांनी डावा हात बरगड्यांच्या आत खोल घातला, मागचे पडदे सोडवले आणि पाणथरी अलगद उचलून जखमेच्या तोंडाशी आणली. या उचलण्यातच अर्धी कला असते, घाईत ओढली तर उरलेलं कव्हर पण फाटतं. वर आली तेव्हा दिसलं, दोन मोठ्या चिरा, एक तर जवळजवळ आरपार, पण जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तो देठ शाबूत होता. सरांनी दोन्ही हातांच्या बोटांत ती धरली, नुसती धरली, आणि वाहायचं थांबलं. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सर, प्रेशर नव्वदवर आलंय. वेळ आहे तुमच्याकडे."

त्या एका वाक्यावर सगळं अवलंबून होतं हे मला नंतर कळलं. कारण काढून टाकायची म्हटली तर देठाला दोन क्लॅम्प म्हणजे चिमटे, कापायचं, बांधायचं, झालं. दुरुस्तीला वेळ लागतो आणि तो वेळ पेशंटने द्यायला लागतो.

आधी टाके घालून बघितले. २-० क्रोमिक कॅटगटचा धागा, गोल सुई, खाली जेलफोमचा, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या स्पंजचा, तुकडा आधाराला. लहान मुलांच्या पाणथरीचं कव्हर मोठ्यांपेक्षा चिवट असतं म्हणे आणि बऱ्याचदा टाके धरतात, पण हिच्या चिरेच्या कडा चिरडलेल्या होत्या. खरवसात सुई घातल्यासारखं व्हायचं, दोरा ओढला की टाका मांस कापत बाहेर. दोन टाके गेले, तिसरा गेला. तिथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता द्या क्लॅम्प, आणि त्यात त्याची चूकही नसती. सर मला म्हणाले, "सिस्टर, माझ्या कपाटातलं ते पाकीट आणा."

डेक्सॉनच्या जाळीचं पाकीट होतं ते. विरघळणाऱ्या धाग्याची विणलेली जाळी, हातरुमालाएवढी. परदेशातून त्यांच्या मित्राने आणून दिलेली, कितीतरी महिने कपाटात पडून. मी ती कधी उघडली नव्हती. सरांनी ती ओली करून मेयो ट्रॉलीवर पसरली आणि मध्यभागी देठ मावेल एवढं भोक पाडलं, त्या भोकापासून कडेपर्यंत एक सरळ काप दिला, आणि तो काप देठाभोवती गुंडाळून परत शिवून टाकला, म्हणजे जाळीच्या गळ्यातून रक्तवाहिन्या बाहेर आणि पाणथरी आत. मग चारी बाजूंनी जाळी वर घेतली आणि कडेकडेने धावता टाका घालून बटव्याची नाडी ओढावी तशी हळूहळू ओढली. श्रीखंडासाठी चक्का बांधतो आपण, दही फडक्यात घेऊन पुरचुंडी आवळतो, अगदी तसं. जाळी सगळीकडून सारखी दाबायला लागली, चिरांच्या कडा आपोआप एकमेकींना येऊन चिकटल्या. टाक्याने जे ओढून होईना ते दाबाने झालं, कारण टाक्याचा सगळा ताण एका ठिपक्यावर येतो आणि जाळीत तो सगळीकडे वाटला जातो.

नाडी किती आवळायची हाच प्रश्न. सैल राहिली तर रक्त झिरपत राहणार, जास्त आवळली तर देठातली शीर दाबली जाऊन पाणथरी काळीनिळी पडून फुगणार. सर एकेक मिलिमीटर ओढत होते आणि रंग बघत होते. मग गरम सलाइनचा मॉप त्यावर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले दहा मिनिटं कोणी हात लावायचा नाही. ती दहा मिनिटं संपता संपत नव्हती. मॉप उचलला तेव्हा त्यावर फक्त गुलाबी डाग होता. अजून पाच मिनिटं थांबलो. तेवढाच डाग.

माझे मॉप मोजून पूर्ण भरले आणि पोट बंद झालं तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते.

सकाळी तिची आई ओटीच्या दाराशी उभी होती. मी बाहेर आले तर हात धरून म्हणाली, "सिस्टर, आत जाळी लावलीय म्हणतात. ती काढायला परत पोट फाडायचं का?" मी म्हटलं नाही हो, ती आपोआप विरघळते. "आणि मग पाणथरी सुटी होणार?" इतका बरोबर प्रश्न की मला उत्तर देता येईना, मी सरांना बोलावलं. सर तिथेच बाकड्यावर बसले तिच्याशेजारी आणि म्हणाले, "मावशी, हात मोडला की प्लास्टर घालतात ना? हाड जुळलं की प्लास्टरचं काम संपतं. ही जाळी पोटातलं प्लास्टर आहे, फक्त आपण काढायचं नाही, ती स्वतः जाते."

कशी जाते ते सरांनी मला नंतर चहा पिताना सांगितलं आणि मला ते फार आवडलं होतं. जुना कॅटगट हा गुरांच्या किंवा मेंढीच्या आतड्यापासून बनायचा, शरीर त्याला परकं मांस समजून पचवून टाकायचं, त्यामुळे कोणाच्यात लवकर कोणाच्यात उशिरा, भरवसा नाही. डेक्सॉन म्हणजे पॉलिग्लायकोलिक ॲसिड, १९७० च्या सुमारास बाजारात आलेला पहिला कृत्रिम विरघळणारा धागा, आणि तो नुसत्या पाण्याने तुटतो. शरीरातलं पाणी त्या लांब साखळीच्या कड्या एकेक करून सोडवतं, उरतं ते ग्लायकोलिक ॲसिड, ते शरीर वापरून टाकतं किंवा लघवीतून बाहेर काढतं. तीन आठवड्यांत धाग्याची ताकद निम्म्याच्या खाली येते, दोन-तीन महिन्यांत धागाच राहत नाही. पुढे व्हिक्रिल आला, त्यात ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइड, म्हणून त्याच्या पदार्थाचं नावच पॉलिग्लॅक्टिन ९१०. त्याचीही जाळी मिळते आणि पाणथरीला तीही चालते. मी विचारलं हर्नियाची कायमची जाळी का नाही घालत? तर म्हणाले शेजारी जठर, मोठं आतडं, पॅन्क्रियाजचं शेपूट, कायमची जाळी त्यांना चिकटून बसेल, इन्फेक्शन झालं तर ती तिथे घर करेल, आणि ही मुलगी अजून वाढायचीय, तिच्याबरोबर पिशवी कशी वाढेल?

ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधले सर्जन हॅरी डिलेनी आणि त्यांचे सहकारी आघाडीवर होते. १९८२ मध्ये त्यांनी या जाळीची टोपी पाणथरीवर चढवायचे प्राण्यांवरचे प्रयोग छापले आणि १९८५ मध्ये माणसांवरचा अनुभव. म्हणजे आमच्या ओटीत ती रात्र उजाडली तेव्हा ही पद्धत जेमतेम दहा-बारा वर्षांची होती.

त्याच्या आधी शंभरेक वर्षं काय होतं? फाटली की काढा. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर, १९०९ चे नोबेलवाले, एवढा मोठा सर्जन, त्यांचंही म्हणणं असंच की पाणथरी काढल्याने वाईट काही होत नाही. आणि ते चुकीचं वाटायचं काही कारणही नव्हतं कारण माणूस टाके काढून चालत घरी जायचा. जे व्हायचं ते महिन्यांनी, वर्षांनी व्हायचं आणि दुसऱ्याच कुठल्या डॉक्टरसमोर. १९५२ मध्ये अमेरिकेत किंग आणि शुमाकर यांनी पाच तान्ह्या बाळांची हकीकत लिहिली, रक्ताच्या आजारासाठी सहा महिन्यांच्या आत पाणथरी काढलेली, नंतर त्यांना गंभीर इन्फेक्शनं झाली आणि दोन दगावली. तिथून सगळ्यांचे डोळे उघडायला लागले. मग १९६८ मध्ये टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या केसेस उपाध्याय आणि सिम्पसन यांनी छापल्या, आणि यातले उपाध्याय म्हणजे आपल्या दिल्लीच्या एम्सचे बालशल्यविशारद पी. उपाध्याय. मुलांची फाटलेली पाणथरी बऱ्याचदा पोट उघडेपर्यंत आपोआप वाहायची थांबलेली असते, ती स्वतः भरून येऊ शकते, हे जगाला पटवण्यात या माणसाचा हात आहे आणि हे आपल्याकडे नर्सिंगच्या पोरींनासुद्धा कोणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आज तर तिथपर्यंतच गोष्ट आली आहे की प्रेशर स्थिर असेल तर मुलाचं पोट उघडतच नाहीत. सीटी करतात, आयसीयूत झोपवून ठेवतात, तासातासाला पल्स बघतात, मोठ्या माणसात गरज पडली तर जांघेतून नळी घालून वाहणारी धमनी आतून बंद करतात. जाळीची पुरचुंडी आताच्या बऱ्याच सर्जननी हाताने केलेली नसेल, केली तर दुसरंच कुठलं ऑपरेशन चालू असताना पाणथरीला धक्का लागला तेव्हा. आणि हे चांगलंच आहे. न उघडलेलं पोट सगळ्यात चांगलं. पण उघडावं लागलंच तर पुरचुंडी करता येते हे माहीत असणारा माणूस टेबलाशी असावा असं मला वाटतं.

ती मुलगी दहाव्या दिवशी घरी गेली. तीन महिने पळायचं नाही, दोरीच्या उड्या नाहीत, सायकल तर नाहीच. दीड महिन्याने आली तेव्हा सरांनी तिच्या रक्ताची काच बनवून स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली आणि मलाही बोलावून दाखवली. पाणथरी काम करत नसेल तर लाल पेशींच्या आत छोटे जांभळे ठिपके राहून जातात, हॉवेल-जॉली बॉडीज म्हणतात, एरवी पाणथरी ते चिमटीने काढल्यासारखे काढून टाकते. सर काच सरकवत होते, एक फील्ड, दुसरं फील्ड, मी डोळा लावून होते. सगळ्या पेशी स्वच्छ. जाळी तेव्हा अजून पूर्ण विरघळलीही नसेल आणि तिच्या आत बसून पाणथरी तिचं काम करत होती.

आता ज्या कारणाने हे लिहायला बसले ते. माझे धाकटे दीर. २००३ मध्ये ट्रकने त्यांच्या स्कूटरला उडवलं, मांडीचं हाड मोडलं, तीन बरगड्या, आणि पाणथरीचे तुकडे. दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात त्यांची पाणथरी काढली. आम्ही पोचलो तेव्हा ते व्हेंटिलेटरवर होते, मग मांडीचं ऑपरेशन, मग महिनोन्महिने वॉकर, सगळ्या घराचं लक्ष त्या पायाकडे. डिस्चार्ज कार्डावर शेवटून दुसऱ्या ओळीत स्प्लेनेक्टॉमी, म्हणजे पाणथरी काढली, हा एक शब्द होता. लस द्यायला हवी हे कुठे नाही. ताप आला तर काय करायचं हे कुठे नाही. आणि मी, जिने ती काच डोळ्याने बघितली, मीसुद्धा एकदा विचारलं नाही की भावजी लस घेतली का, मी धरूनच चालले की दिली असेल. हे मला आजही बोचतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांना सकाळी हुडहुडी भरली. व्हायरल असेल म्हणून गोळी घेऊन झोपले. दुपारी उलट्या, संध्याकाळी हातपाय गार, बोलणं असंबद्ध. जाऊबाईंनी फोन केला तेव्हा मला पाणथरी आठवली आणि मी नुसती ओरडले फोनवर, आत्ताच्या आत्ता घेऊन जा आणि दारातच सांगा की पाणथरी नाहीये. न्युमोकॉकस निघाला रक्तात. अकरा दिवस आयसीयू. वाचले. अपघातानंतर वीस वर्षांनी.

म्हणून सांगते. तुमच्या घरात, ओळखीत कोणाची पाणथरी काढलेली असेल तर आज विचारा. न्युमोकॉकल, मेनिंगोकॉकल आणि हिब (हिमोफिलसची) अशा लसी असतात, तातडीचं ऑपरेशन झालेल्याला साधारण दोन आठवड्यांनी देतात आणि राहून गेल्या असतील तर वर्षांनीही देता येतात, काहींचे डोस परत घ्यावे लागतात, फ्लूची दरवर्षी. लहान मुलांना बऱ्याचदा रोजची पेनिसिलिनची गोळीही असते. थंडी वाजून ताप आला तर उद्या बघू करायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. कुत्रा चावला तर नुसतं रेबीजचं इंजेक्शन घेऊन थांबू नका, पाणथरी नाही हेही सांगा, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशा माणसांना फार भारी पडतो. मलेरियाही अंगावर काढू नका.

दीर बरे झाल्यावर मी स्वतः त्यांना घेऊन लशीला गेले. बाहेर बसलो होतो नंबरची वाट बघत. मी त्यांना त्या सायकलवाल्या मुलीची गोष्ट सांगितली, जाळीची, घड्याळाची, काचेची. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वहिनी, मला का नाही लावली जाळी?"

मी त्यांची जुनी फाइल वाचलेली होती, पुन्हा पुन्हा. म्हटलं, "भावजी, त्या मुलीचं प्रेशर नव्वदवर आलं होतं. तुमचं त्या दिवशी साठ होतं आणि मांडीतून वेगळं रक्त जात होतं. त्यांनी दुरुस्तीला अर्धा तास घेतला असता तर तुम्ही टेबलावरच गेला असतात. काढली ते बरोबरच केलं त्यांनी. लस द्यायची राहिली, ते चुकलं."

त्यांनी मान हलवली. आतून नाव पुकारलं तसे उठले आणि चालता चालताच डाव्या हाताची बाही वर करायला लागले.